पेन्सिल कुठे थांबली? दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन व्यक्तिचित्रांतून भाव आणि तंत्र वाचायची रीत

लंडनला राहणारी माझी मावसबहीण गेल्या दिवाळीत आली होती, तेव्हा तिच्या पर्समधून दहा पौंडांची एक नोट निघाली. २०१७ पासून या नोटेवर इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेन आहे. डोक्याला टोपी, कपाळावर कुरळ्या बटा, टपोरे डोळे, एकूण मवाळ चेहरा. "किती सोज्वळ दिसते ना?" बहीण म्हणाली. मी फोनवर मूळ चित्र काढून तिच्यापुढे धरलं. दोन क्षण बघून ती म्हणाली, "अगं बाई, ही तर चिडलीय!"

ते मूळ चित्र जेनच्या सख्ख्या बहिणीने, कॅसान्ड्राने, १८१० च्या सुमारास काढलं. पेन्सिल आणि थोडे जलरंग. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. जेन १८१७ मध्ये गेली. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी तिच्या भाच्याला आत्याचं चरित्र छापायचं होतं, पण घरातलं हे रेखाटन त्यात घालण्याजोगं वाटेना. मग १८६९ मध्ये जेम्स अँड्र्यूज नावाच्या चित्रकाराकडून त्यावरून एक गोंडस जलरंगचित्र करून घेतलं. त्यावरून कोरीव ठसा झाला, तो १८७० च्या चरित्रात छापला गेला आणि दीडशे वर्षांनी तोच नोटेवर आला. टोपी तीच, बटा त्याच. स्वभाव मात्र मधल्या मध्ये बदलला.

हे कसं होतं ते ओळखता येण्यासाठी हा लेख आहे. सोबत दुसरं चित्र घेऊ: झाँ-ऑग्युस्त-दोमिनिक अँग्र या फ्रेंच चित्रकाराने १८१९ मध्ये रोममध्ये काढलेलं व्हायोलिनवादक निकोलो पागानिनीचं पेन्सिल व्यक्तिचित्र. ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. एक चित्र घरच्या हौशी हाताचं, दुसरं युरोपातल्या सर्वांत सफाईदार हातांपैकी एकाचं. मुद्दाम अशी जोडी घेतली आहे. का ते पुढे कळेल.

आधी चित्र नीट मिळवा

सर्च करून जी पहिली प्रतिमा येते ती घेऊ नका. तिचा कॉन्ट्रास्ट कोणीतरी वाढवलेला असतो, कागद पांढराशुभ्र केलेला असतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, तिथे बहुधा मोठी प्रतिमा मिळते. आणि माप बघा, कारण स्क्रीनवर सगळीच चित्रं एका मापाची होतात. पागानिनीचं चित्र सुमारे ३० बाय २२ सेंटिमीटर आहे, म्हणजे आपला ए-फोर कागदच. जेनचं जेमतेम साडेअकरा बाय आठ सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत तोंडाचा आकार तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पेन्सिलचं टोक किंचित बोथट झालं तरी ओठ रागावतात. हे माप माहीत नसताना "तिचे ओठ आवळलेले आहेत, म्हणजे ती कडवट होती" असं ठोकून देणं धोक्याचं आहे.

शक्य असेल तर दोन्ही चित्रं मूळ मापात छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात काम होतं, फक्त "डार्क करू नका" असं आधीच सांगा.

पाटी न वाचता पाच मिनिटं

नाव, साल, माहिती काहीही न वाचता नुसतं बघा आणि मनात येईल ते वहीत उतरवा. "शांत", "अवघडलेला", "काहीतरी लपवतोय", काहीही चालेल. हे शब्द बरोबर असतीलच असं नाही. पुढे त्यांच्यातला प्रत्येक शब्द आपण चित्रातल्या एखाद्या ठिकाणावर बोट ठेवून तपासणार आहोत. जो टिकला तो ठेवायचा, बाकीचे खोडायचे.

पागानिनीच्या बाबतीत ही शिस्त फार लागते. त्याने सैतानाशी करार केलाय वगैरे कथा त्याच्या हयातीतच पसरल्या होत्या. नाव आधी वाचलं की आपण चित्रात सैतान शोधू लागतो, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच.

साधन ओळखा

ग्राफाइट, म्हणजे आपली नेहमीची पेन्सिल, कितीही दाबली तरी खरी काळी होत नाही. गडद राखाडी होते आणि उजेडात किंचित चकाकते. काळा खडू मखमली, बिनचकाकीचा आणि खरोखर काळा असतो. फरक पाहायचा तर कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं १८१० च्या आसपासचं बर्लिनमधलं आत्मचित्र बघा. ते काळ्या खडूत आहे. त्याची रोखलेली नजर जी अंगावर येते, त्यात अर्धा वाटा त्या काळ्या रंगाचा आहे. पेन्सिलीत तेवढा काळोख मिळतच नाही, म्हणून पेन्सिल व्यक्तिचित्रातला भाव बहुधा खालच्या पट्टीतला असतो. ती साधनाची मर्यादा असते. तिला माणसाचा स्वभाव समजू नये.

पेन्सिलीचाही एक इतिहास आहे आणि तो इथे कामाला येतो. उत्तम ग्राफाइट इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतून येई. १७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सला तो माल मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती मळून, भाजून पेन्सिली केल्या. १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मातीचं प्रमाण वाढवलं की पेन्सिल कडक, कमी केलं की मऊ. आज आपण एचबी, टू-बी, फोर-बी म्हणतो त्याचं मूळ हे. अँग्रच्या पिढीला त्यामुळे बारीक टोक टिकणारी कडक पेन्सिल आणि गडद उठणारी मऊ पेन्सिल हवी तशी निवडता आली. शिवाय त्या काळात गुळगुळीत, जाळीच्या रेघा नसलेला कागद मिळू लागला होता. चेहऱ्यावरची सावली गालासारखी मऊ दिसते ती या कागदामुळे. खरखरीत कागदावर तीच सावली दाणेदार झाली असती.

दाबाचा नकाशा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे वेळ घालवा.

छापलेल्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा. चित्रात जिथे पेन्सिल सर्वांत जोरात दाबली गेली आहे तिथे लाल खडूने खूण करा. मध्यम दाबाला पिवळी. जिथे रेघ आहे-नाही अशी आहे ती जागा कोरी सोडा. मग मूळ चित्र बाजूला सारून नुसता ट्रेसिंग पेपर बघा.

अँग्रच्या चित्रात लाल खुणा चेहऱ्याभोवती गोळा होतात: केस, डोळे, नाकपुड्या, दोन ओठांमधली फट. खाली कोटाकडे येता येता रंग विरळ होतो. म्हणजे चित्रकाराने आपल्याला हाताला धरून चेहऱ्यापाशी नेलं आणि बाकीच्या गोष्टी नुसत्या ओझरत्या दाखवल्या. व्हायोलिन काखेत आहे, बो हातात आहे, पण तो वाजवत नाहीये. वाद्य इथे माणसाची ओळख सांगण्यापुरतं आहे, एखाद्या वकिलाच्या फोटोत मागे पुस्तकं असावीत तसं.

आपल्याकडे ही पायरी अवघड जाते, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी पेन्सिल पाहिली ती एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत. तिथे शेडिंग म्हणजे सगळीकडे सारखं, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. मी स्वतः इंटरमीजिएटच्या सरावात कापसाने एवढं घासलं होतं की मटक्याला पॉलिश केल्यासारखं दिसत होतं, आणि त्याचं कौतुकही झालं होतं. त्या सवयीने अँग्रकडे पाहिलं तर कोट "अर्धवट" वाटतो. तो अर्धवट नाही. सगळीकडे सारखं लक्ष देणं म्हणजे कुठेच लक्ष न देणं, हे त्याला ठाऊक होतं.

एक सावधगिरी. जुना कागद पिवळतो, त्यावर तांबूस ठिपके पडतात. एकदा मी एका चित्रात गालाखालचा डाग मुद्दाम टाकलेली सावली समजून दीड पान लिहिलं. मोठी प्रतिमा मिळाल्यावर कळलं, ते कागदाचं वय होतं. डाग आणि सावली यांत फरक असा: सावलीला रेघांची दिशा असते, डागाला नसते.

रेघ कशी चालली आहे

आता प्रतिमा मोठी करा आणि एकच रेघ धरून तिच्याबरोबर चाला. बाहीची बाहेरची कड घ्या. तीन गोष्टी विचारा. रेघ एका दमात आली आहे की तुकड्या-तुकड्यांत? तिची जाडी बदलते का? शेजारी आधीच्या फसलेल्या रेघेचा माग आहे का?

अँग्रच्या रेघा लांब, ठाम, आणि चालता चालता जाड-बारीक होणाऱ्या असतात. कोपराच्या घडीपाशी ती जरा दाबली जाते, खाली कापड सैल पडतं तिथे उचलली जाते. त्या एका बदलाने कापडाला वजन येतं, सावली भरायची गरजच उरत नाही. ही सफाई इतकी आहे की ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीला १९९९ मध्ये लंडनला अँग्रचं प्रदर्शन पाहून संशय आला: याने कॅमेरा ल्युसिडा वापरला असणार. प्रिझ्मच्या मदतीने समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणारं हे उपकरण. त्याचं पेटंट १८०६ चं आहे, म्हणजे काळ जुळतो. वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर भाव वाचणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. नाक कुठे, कान कुठे हे उपकरण सांगेल. कुठे दाबायचं आणि कुठे हात उचलायचा हे सांगणार नाही.

कॅसान्ड्राची रेघ वेगळी. ती चाचपडते. अंगावरच्या कपड्याच्या रेघा हलक्या, तुटक, पुन्हा पुन्हा काढलेल्या वाटतात. हात शिकलेला नाही, पण समोरच्या माणसाला पुरता ओळखणारा आहे.

सावलीच्या रेघांची दिशाही बघा. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या तिरप्या रेघा सहसा वर उजवीकडून खाली डावीकडे जातात. त्या जिथे अचानक दिशा बदलतात, गालाच्या गोलाईबरोबर वळतात, तिथे चित्रकार थांबून विचार करत होता असं समजा.

मोकळी जागा

भावनेला आणि कल्पनेला मान देणाऱ्या रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण १८०० ते १८५० च्या, पेन्सिल व्यक्तिचित्रांत कोरा कागद फार बोलतो. मागे खोली नाही, पडदा नाही, निसर्ग नाही. माणूस कागदातून वर आल्यासारखा. त्यामुळे एक प्रकारचं एकटेपण आपोआपच येतं, आणि नवखा वाचक लगेच "एकाकी", "उदास" असं लिहून मोकळा होतो. जरा थांबा. त्या काळच्या शेकडो चित्रांत पार्श्वभूमी कोरी आहे, आणि ते सगळेच काही उदास नव्हते. मोकळ्या जागेवरून भाव सांगायचा असेल तर ती जागा *या* चित्रात काय करते ते दाखवता आलं पाहिजे.

इथेच आपली जोडी कामाला येते. दोन्ही चित्रांत चेहरा पुरा आणि अंग अपुरं आहे. जेनच्या चित्रात रंग चेहऱ्याशी आणि टोपी-बटांशी थांबतो. घडी घातलेले हात आणि पोशाख नुसत्या पेन्सिलीत, घाईने. अँग्रने कोट मोकळा सोडला ती त्याची निवड होती हे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो, कारण त्याची साडेचारशेच्या आसपास पेन्सिल व्यक्तिचित्रं आपल्याला माहीत आहेत आणि त्यांत हा बेत पुन्हा पुन्हा दिसतो. कॅसान्ड्राच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. कंटाळा आला असेल, जेन उठून गेली असेल, हात जमले नसतील. दिसायला सारखीच असलेली मोकळी जागा एकीकडे तंत्र आहे, दुसरीकडे कदाचित निव्वळ थांबणं. हा फरक चित्रातून कळत नाही, चित्रकाराच्या बाकीच्या कामातून कळतो. म्हणून एका चित्रावरून तंत्राबद्दल मोठी विधानं करू नका. त्याच हाताची निदान पाच-सहा चित्रं पाहा.

चेहऱ्याकडे आता या

बहुतेक जण इथून सुरुवात करतात, आपण उशिरा आलो. मुद्दामच.

एक साधी युक्ती: कागदाच्या तुकड्याने तोंड झाका, फक्त डोळे बघा आणि एक शब्द लिहा. मग डोळे झाका, तोंड बघा, एक शब्द लिहा. दोन्ही शब्द जुळले तर भाव सरळ आहे. नाही जुळले, तर चित्राची गंमत त्या फटीत आहे. जेनचे डोळे बाजूला कुठेतरी बघतायत, ओठ मिटलेले, आणि हाताची घडी. नजर बाजूला आणि ओठ मऊ असते तर आपण "विचारात हरवलेली" म्हटलं असतं. ओठ घट्ट झाल्याबरोबर तीच नजर "पुरे झालं आता" अशी होते. अँड्र्यूजने नेमका हा सांधा सैल केला. डोळे मोठे केले, तोंड नरम केलं. हाताच्या घडीतला ताठा नोटेपर्यंत पोहोचलाच नाही.

हाताने काढून बघा

चित्रातला एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग निवडा आणि तो कॉपी करा. डोळ्याचा कोपरा, ओठाचं टोक, कॉलरची घडी, काहीही. चांगलं येणार नाही, यायची गरजही नाही. टोक करून घेतलेली टू-एच आणि टू-बी अशा दोनच पेन्सिली पुरेत. दहा मिनिटांत बोटांना कळतं की कुठली रेघ सहज येते आणि कुठे श्वास रोखावा लागतो. तासभर वाचून कळत नाही ते इथे कळतं.

आता इतिहास

आता पाटी वाचा. कोणी, कोणासाठी, कशासाठी आणि पैसे घेऊन की प्रेमाखातर?

अँग्र १८०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर रोमला आला आणि तिथेच राहिला. १८१४-१५ मध्ये नेपोलियनचं साम्राज्य कोसळलं, रोममधले फ्रेंच अधिकारी परत गेले, त्यांच्याबरोबर कामंही गेली. मग युरोप हिंडायला आलेल्या इंग्रज आणि इतर प्रवाशांची पेन्सिल व्यक्तिचित्रं काढून त्याने घर चालवलं. एक किस्सा नेहमी सांगतात: दारावर कोणी विचारलं, "छोटी चित्रं काढणारे ते इथेच राहतात का?" त्यावर तो भडकून म्हणाला, इथे राहतो तो चित्रकार आहे! त्याच्या मते खरं काम म्हणजे मोठी ऐतिहासिक तैलचित्रं. ही पेन्सिलीची कामं पोटासाठी. आज लोक ज्यांच्यापाशी जास्त वेळ रेंगाळतात ती बरीचशी ही पोटासाठी केलेली चित्रं आहेत.

तो एका चित्राला एकच दिवस घेई, असंही सांगतात. सकाळी थोडा वेळ, मग समोरच्या माणसाबरोबर जेवण, मग दुपारी उरलेलं. जेवताना माणूस पोज विसरतो, तेव्हाचा चेहरा तो मनात टिपून ठेवी. पागानिनीच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. अँग्र स्वतः व्हायोलिन वाजवायचा; तरुणपणी तूलूझच्या वाद्यवृंदात होता. फ्रेंचमध्ये फावल्या वेळच्या छंदाला आजही "अँग्रचं व्हायोलिन" म्हणतात. तेव्हा हे चित्र गिऱ्हाइकाचं कमी आणि एका वाजवणाऱ्याने दुसऱ्या वाजवणाऱ्याकडे पाहिल्याचं जास्त, असं मला वाटतं. व्यवस्थित कॉलर, गळ्याला रुमाल, आवरलेला चेहरा. सैतान कुठेच नाही.

आणि हो, अँग्रला रोमँटिक म्हणू नका. तो स्वतःला अभिजात परंपरेचा राखणदार समजायचा. "रोमँटिक काळातलं" आणि "रोमँटिक" यांत गल्लत झाली की भावाचं वाचन घसरतं.

दुसरं चित्र शेजारी ठेवा

१८३१ मध्ये पागानिनीने पॅरिसमध्ये व्हायोलिन वाजवलं. त्याच वर्षी यूजेन देलाक्रोआ या फ्रेंच रोमँटिक चित्रकाराने त्याचं एक लहानसं तैलचित्र केलं. ते वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहे. अंधारातून वर आलेली काळी, लांबट, वाकलेली आकृती, वाजवण्यात बुडालेली. पाहणारा सहज म्हणतो: अँग्रला नुसता सभ्य गृहस्थ दिसला, देलाक्रोआला आत्मा दिसला.

इतकं सोपं नाही. एक तर साधन वेगळं, आणि प्रसंगही: एकात माणूस समोर ठेवून पाहिलाय, दुसऱ्यात तो मंचावर आहे. दुसरं म्हणजे शरीरच बदललं होतं. १८२८ मध्ये प्रागमध्ये जबड्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पागानिनीचे खालचे दात काढावे लागले. पुढच्या चित्रांतले बसलेले गाल काही सगळेच प्रतिभेचे नाहीत, थोडे दातांचेही आहेत.

लिहिताना

वहीतले सुरुवातीचे शब्द आता काढा. प्रत्येक शब्दापुढे चित्रातली जागा लिहा. जागा सापडत नसेल तर शब्द खोडा. माझ्या वहीत जेनपुढे "चिडलेली, थकलेली, हुशार" असं होतं. "थकलेली"ला जागा सापडली नाही. "हुशार" तर मला नाव माहीत होतं म्हणून आलं होतं. उरला एक शब्द, त्याचंही रूप बदललं:

"ओठांची रेघ चेहऱ्यावरच्या इतर रेघांपेक्षा ठळक आणि आखूड आहे, नजर समोर नाही, हातांची घडी आहे. एवढ्यावरून ती चिडकी होती असं म्हणता येणार नाही. पण या बैठकीला ती फार राजी नव्हती, आणि समोर बसलेल्या बहिणीने ते लपवायची तसदी घेतली नाही, एवढं म्हणता येतं. चित्र पोस्टकार्डापेक्षा लहान आहे आणि हात शिकलेला नाही, तेव्हा ओठांचा थोडा घट्टपणा पेन्सिलीचाही असू शकेल."

मावसबहिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चिडलीच होती की." नोट तिने परत पर्समध्ये टाकली.